क्यूटीमध्ये सिग्नल तात्पुरते बंद कसे ठेवायचे: गुंठे आणि चौरस फुटांचे दोन बॉक्स

क्यूटी म्हणजे विंडो, बटणं, बॉक्स असलेले प्रोग्राम लिहायचं टूलकिट. पायसाइड 6 म्हणजे ते पायथनमधून वापरायची लायब्ररी. बॉक्स, बटण अशा पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूला विजेट म्हणतात. विजेटमध्ये काही बदललं की ते सिग्नल सोडतं, आणि त्या सिग्नलला कनेक्ट केलेलं फंक्शन, म्हणजे हँडलर, पळतं. एका विंडोत दोन बॉक्स आहेत. डावीकडे गुंठे, उजवीकडे चौरस फूट. 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. एका बॉक्समध्ये आकडा घातला की दुसरा आपोआप भरला पाहिजे, आणि हे दोन्ही बाजूंनी व्हायला हवं. पायथन आणि पायसाइड 6 शिकायला घेतलेला कोणीही हे दहा मिनिटांत लिहितो. दोन क्यूडबलस्पिनबॉक्स (दशांश आकडे घेणारे बॉक्स), दोन फंक्शन, दोन कनेक्ट:

गुंठे.व्हॅल्यूचेंज्ड.कनेक्ट(फूट_भरा)
फूट.व्हॅल्यूचेंज्ड.कनेक्ट(गुंठे_भरा)

फूट_भरा हे फंक्शन गुंठ्यांना 1089 ने गुणून फूट.सेटव्हॅल्यू करतं. गुंठे_भरा उलटा भागाकार करून गुंठे.सेटव्हॅल्यू करतं. प्रोग्राम सुरू होतो, एरर काही येत नाही. मग चौरस फुटांच्या बॉक्समध्ये 1000 टाइप करायला घ्या. 1 दाबला, ठीक. 0 दाबला आणि बॉक्समध्ये 10 च्या जागी 10.89 उभं. आता पुढचा शून्य कुठे घालायचा?

झालं ते असं. 10 ला 1089 ने भागलं की 0.00918 येतात. गुंठ्यांच्या बॉक्सला दोनच दशांश स्थळं आहेत, म्हणून तिथे 0.01 बसलं. गुंठ्यांची किंमत बदलली, म्हणून त्या बॉक्सनं आपला सिग्नल सोडला. त्यावर फूट_भरा पळालं आणि 0.01 गुणिले 1089, म्हणजे 10.89, फुटांच्या बॉक्समध्ये लिहून आलं. तिथून सिग्नल पुन्हा गुंठ्यांकडे गेला. 10.89 भागिले 1089 म्हणजे बरोबर 0.01. किंमत तीच असल्यामुळे सेटव्हॅल्यूनं काही केलं नाही आणि फेरी थांबली.

ती थांबते म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. नव्या माणसाला धास्ती असते ती हँडलर एकमेकांना बोलावत राहून प्रोग्राम लटकण्याची. पण क्यूटीची बहुतेक विजेट किंमत खरोखर बदलली तरच सिग्नल सोडतात, त्यामुळे प्रोग्राम लटकत नाही. चुकीचा आकडा दाखवून गप्प बसतो. दशांश स्थळं चार केली तरी 1000 चौरस फुटांचे 0.9183 गुंठे होतात आणि त्याचे परत 1000.03. अचूकता वाढवून हे सुटणार नाही. कोडनं भरलेल्या किमतीवर हँडलर पळता कामा नये, एवढंच करायचं आहे.

नावांबद्दल एक खुलासा. क्यूटीची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजी अक्षरांत लिहायची: क्लासचं पहिलं अक्षर मोठं, फंक्शनचं लहान, आणि पुढचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षरानं सुरू. गुंठे, फूट ही व्हेरिएबलची नावं मात्र पायथन 3 मध्ये देवनागरीत लिहिली तरी चालतात. कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा नसेल तर करून बघा.

आधी बघा, बंद करायची गरज आहे का

पुष्कळदा नसते. क्यूटीत बऱ्याच विजेटना दोन प्रकारचे सिग्नल असतात. एक किंमत कुठूनही बदलली तरी सुटणारा, दुसरा माणसानं हातानं काही केलं तरच सुटणारा. दुसरा निवडला की कोडनं केलेल्या बदलाचा प्रश्नच येत नाही.

क्यूलाइनएडिटला टेक्स्टचेंज्ड आणि टेक्स्टएडिटेड असे दोन आहेत. सेटटेक्स्टनं मजकूर भरला तर फक्त टेक्स्टचेंज्ड सुटतो. क्यूकॉम्बोबॉक्सला करंटइंडेक्सचेंज्ड आणि ॲक्टिव्हेटेड. इथे फरक विशेष जाणवतो, कारण रिकाम्या कॉम्बोमध्ये पहिली ओळ टाकली की इंडेक्स उणे 1 वरून 0 वर जातो आणि करंटइंडेक्सचेंज्ड सुटतो. जिल्ह्यांची यादी भरता भरताच तालुके आणायला सर्व्हरकडे फेरी जाते ती यामुळे. ॲक्टिव्हेटेडला हा त्रास नाही. मात्र माणसानं आधीचीच ओळ पुन्हा निवडली तरी तो सुटतो, हे धरून चाला. क्यूचेकबॉक्सला टॉगल्ड आणि क्लिक्ड. सेटचेक्डनं क्लिक्ड सुटत नाही, स्पेसबारनं टिक केलं तर सुटतो, जे बरोबरच आहे. स्लायडरचा स्लायडरमूव्ह्ड मात्र जपून वापरा. तो माउसनं ओढल्यावरच येतो. बाणाच्या कळांनी किंवा माउसच्या चाकानं सरकवलं तर येत नाही, आणि मग कीबोर्डवर काम करणाऱ्यांना प्रोग्राम बंद पडल्यासारखा वाटतो.

स्पिनबॉक्सला असा 'फक्त माणसाचा' सिग्नल नाही. एडिटिंगफिनिश्ड आहे, पण तो एंटर दाबल्यावर किंवा बॉक्स सोडल्यावर येतो आणि किंमत बदलली नसली तरी येतो. अनेकजण सेटकीबोर्डट्रॅकिंग(फॉल्स) करून बघतात. त्यानं टाइप करताना मध्येच 10.89 होणं थांबतं, कारण सिग्नल टायपिंग संपल्यावर सुटतो. पण फुटांच्या बॉक्सची कमाल मर्यादा वाढवून 1000 टाइप करून टॅब दाबलात की बॉक्स 1001.88 दाखवतो. लक्षण गेलं, दुखणं तसंच. म्हणून आपल्या दोन बॉक्सना खरोखरच सिग्नल अडवावे लागतात.

पायरी 1: क्यूसिग्नलब्लॉकर

क्यूटीकोअर मॉड्यूलमधून क्यूसिग्नलब्लॉकर इंपोर्ट करा. हा क्लास क्यूटी 5.3 पासून आहे. मग दोन्ही फंक्शन अशी लिहा:

डेफ फूट_भरा(किती):
    विथ क्यूसिग्नलब्लॉकर(फूट):
        फूट.सेटव्हॅल्यू(किती * 1089)

डेफ गुंठे_भरा(किती):
    विथ क्यूसिग्नलब्लॉकर(गुंठे):
        गुंठे.सेटव्हॅल्यू(किती / 1089)

ज्या बॉक्समध्ये तुम्ही लिहिणार आहात, त्याचे सिग्नल अडवायचे. फूट_भरा पळतंय म्हणजे गुंठ्यांचा सिग्नल सुटून झालेला आहे, आता त्याला अडवून उपयोग नाही. तोंड बंद करायचं ते फुटांचं. हे उलटं लिहिलेलं कोड भरपूर दिसतं, आणि त्यानं काहीच फरक पडत नाही म्हणून 'ब्लॉक चालतच नाही' असा निष्कर्ष निघतो.

विथ गाळू नका. नुसती क्यूसिग्नलब्लॉकर(फूट) अशी ओळ लिहिली तर तो ऑब्जेक्ट कुठल्याच व्हेरिएबलमध्ये राहत नाही, पायथन त्याला त्याच ओळीवर मोडीत काढतं आणि ब्लॉक तिथेच सुटतो. पुढच्या ओळीतला सेटव्हॅल्यू मोकळा. व्हेरिएबलमध्ये ठेवलात तर उलट तो फंक्शन संपेपर्यंत टिकतो, म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त वेळ. विथमुळे सुरुवात आणि शेवट दोन्ही डोळ्यांसमोर राहतात.

आता कमाल मर्यादा. क्यूडबलस्पिनबॉक्स नुसता बनवला तर त्याची कमाल किंमत 99.99 असते. फुटांची मर्यादा वाढवली आणि गुंठ्यांची विसरलात, तर 2,00,000 चौरस फुटांना 183.65 गुंठे यायला हवेत तिथे 99.99 दिसेल. ब्लॉक नसता तर हे आकडे परत फुटांवर उलटून 1,08,889.11 झाले असते आणि कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. ब्लॉक लावल्यावर चूक झाकली जाते. तेव्हा दोन्ही मर्यादा जोडीनं ठरवा. गुंठ्यांना 10,000 म्हणजे 250 एकर, तर फुटांना 1,08,90,000. आणि हे कनेक्ट करण्याच्या आधी करा, कारण सेटमॅक्सिमममुळे आतली किंमत कापली गेली तर तेव्हाही व्हॅल्यूचेंज्ड सुटतो.

पायरी 2: हातानं ब्लॉक करायचं असेल तर

जुन्या कोडमध्ये ब्लॉकर क्लासऐवजी ब्लॉकसिग्नल्स हे फंक्शन सरळ बोलावलेलं सापडेल. चालतं, पण अशा आकारात:

आधीची = फूट.ब्लॉकसिग्नल्स(ट्रू)
ट्राय:
    फूट.सेटव्हॅल्यू(किती * 1089)
फायनली:
    फूट.ब्लॉकसिग्नल्स(आधीची)

ब्लॉकसिग्नल्स ट्रू किंवा फॉल्स परत देतं, म्हणजे बोलावण्याआधी काय स्थिती होती ते. शेवटी डोळे झाकून फॉल्स लिहायची सवय पुढे नडते. समजा 'फाइल उघडा' या फंक्शननं सगळा फॉर्म भरण्यासाठी फूट ब्लॉक केला आणि मध्येच एक लहान फंक्शन बोलावलं, ज्यात आपलाही एक ब्लॉक आहे. त्या लहान फंक्शननं जाताना फॉल्स केलं की बाहेरचा ब्लॉकही उघडला. फाइल अजून अर्धी भरायची आहे आणि हँडलर धावत सुटले. आधीची स्थिती परत ठेवली तर ब्लॉक कितीही एकात एक असले तरी बिघडत नाही. क्यूसिग्नलब्लॉकर हेच आपणहून करतो.

फायनली कशासाठी, तर मधल्या ओळीत एक्सेप्शन आलं तर. पायसाइडमध्ये हँडलरच्या आत एक्सेप्शन आलं की टर्मिनलवर एररचा मजकूर छापला जातो आणि प्रोग्राम पुढे चालू राहतो. टर्मिनल कोण बघतंय? तो बॉक्स मात्र आता कायमचा मुका. माणूस आकडे बदलतो, बॉक्स आकडे दाखवतो, बाकी काहीच हलत नाही. पायक्यूटीत (पायथनमधून क्यूटी वापरायची दुसरी लायब्ररी) 5.5 पासून न पकडलेल्या एक्सेप्शननं प्रोग्रामच बंद पडतो. ते कठोर वाटतं, पण निदान काहीतरी बिनसलंय एवढं कळतं.

अडवलेला सिग्नल साठून राहत नाही

ब्लॉक असताना सुटलेले सिग्नल रांगेत थांबत नाहीत. ब्लॉक उघडल्यावर ते मागून येत नाहीत. गेले ते गेले. शिवाय ब्लॉक त्या ऑब्जेक्टचे सगळे सिग्नल सगळ्यांसाठी अडवतो, फक्त तुम्हाला नको असलेल्या हँडलरसाठी नाही. डिस्ट्रॉइड हा एक सिग्नल तेवढा ब्लॉक असतानाही सुटतो.

आपल्याच विंडोत हे दाखवता येतं. खाली एक लेबल जोडा: एकूण किंमत, म्हणजे चौरस फूट गुणिले दर. फूट.व्हॅल्यूचेंज्ड किंमत_लिहा ला कनेक्ट करा. आता फुटांत आकडा टाका, किंमत बदलते. गुंठ्यांत टाका, फूट बदलतात पण किंमत जुनीच. फूट_भरा मध्ये फुटांचा सिग्नल अडवला, त्यात किंमत_लिहा चाही रस्ता बंद झाला. ब्लॉक वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

दोन मार्ग आहेत. एक, ब्लॉक संपल्यावर किंमत_लिहा स्वतः बोलवायचं. दोन, ब्लॉक न करता फ्लॅग ठेवायचा. सेल्फ.भरणं_चालू ट्रू करायचं, नको असलेल्या हँडलरच्या पहिल्या ओळीत तो ट्रू असेल तर परत फिरायचं, बाकीच्यांनी सिग्नल घ्यायचा. एकच हँडलर गप्प करायचा आणि बाकी चालू ठेवायचे असतील तेव्हा फ्लॅग सोयीचा. त्यालाही फायनली लागतं. फॉर्म भरणारी फंक्शन एकात एक बोलावली जात असतील तर ट्रू-फॉल्सऐवजी मोजणी ठेवा, आत जाताना 1 वाढवा, बाहेर येताना 1 कमी करा, आणि 0 असेल तरच हँडलर चालू द्या.

पण खरं सांगायचं तर दोनापेक्षा जास्त बॉक्स झाले की दोन्ही मार्ग दमवतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं, तेव्हा तिसरा बॉक्स आरचा येणारच. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, चौरस फुटांत 1076.391. आता प्रत्येक बॉक्सनं बाकी दोघांना भरायचं म्हणजे सहा जोडण्या, आणि कोणाचा सिग्नल कुठे अडवला याचा हिशेब ठेवायचा. अशा वेळी बॉक्सनी एकमेकांशी बोलणंच बंद करा. क्षेत्र एकाच जागी, एकाच एककात धरा, आणि बॉक्स फक्त ते दाखवतील:

डेफ दाखवा(क्षेत्र, कुठून):
    फॉर बॉक्स, भाजक इन ((गुंठे, 1089), (फूट, 1), (आर, 1076.391)):
        इफ बॉक्स इज कुठून:
            कंटिन्यू
        विथ क्यूसिग्नलब्लॉकर(बॉक्स):
            बॉक्स.सेटव्हॅल्यू(क्षेत्र / भाजक)
    किंमत_लिहा(क्षेत्र)

प्रत्येक बॉक्सचा हँडलर एका ओळीचा उरतो: आपला आकडा आपल्या भाजकानं गुणायचा आणि दाखवा ला द्यायचा, सोबत 'मी कोण' ते सांगायचं. ज्यात माणूस टाइप करतोय त्या बॉक्सला हात लागत नाही. किंमत गोल केलेल्या आकड्यावरून न निघता मूळ क्षेत्रावरून निघते. फाइल उघडताना कुठूनच्या जागी नन दिलं की तिन्ही भरतात. सगळ्या प्रोग्राममध्ये ब्लॉक एकाच ठिकाणी राहतो.

टेबल असेल तर

क्यूटेबलविजेटचा आयटमचेंज्ड हा सिग्नल सेलमधलं काहीही बदललं तरी सुटतो. मजकूर, टिक, फाँट, मागचा रंगसुद्धा. चुकीचा आकडा दिसला की सेल लाल करणारा हँडलर लिहिलात, तर सेटबॅकग्राउंडमुळे तो हँडलर पुन्हा एकदा बोलावला जातो. दुसऱ्या वेळी रंग तोच असतो म्हणून थांबतो. पण त्याच हँडलरमध्ये शेजारच्या सेलमध्ये 'शेवटचा बदल' म्हणून सेकंदासकट वेळ लिहिलीत आणि ती सेकंदाचे अंशही दाखवत असेल, तर दर वेळी मजकूर वेगळा, म्हणून हँडलर स्वतःलाच बोलावत सुटतो. पायथनची मर्यादा साधारण 1000 पातळ्यांची आहे, तिथे रिकर्शनएरर येते.

अडवायचं ते टेबलला. क्यूटेबलविजेटआयटम, म्हणजे एकेक सेल, हा क्यूऑब्जेक्ट (सिग्नल सोडू शकणाऱ्या क्लासचा मूळ क्लास) नसल्यामुळे त्याला ब्लॉकसिग्नल्स नाहीच. आणि टेबल.मॉडेल() ला, म्हणजे टेबलामागे डेटा सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टला, कधीही ब्लॉक करू नका. टेबल स्वतः पडद्यावर काय काढायचं ते मॉडेलच्या सिग्नलवरून ठरवतं. टेबल ब्लॉक केलं तर बाहेर जाणारे सिग्नल थांबतात, आतलं चित्र ताजं होत राहतं. मॉडेल ब्लॉक केलं तर ओळी वाढल्याचं टेबललाच कळत नाही: रिकाम्या जागा, जुना मजकूर, आणि मध्ये क्यूसॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल (ओळी लावणारं आणि गाळणारं मधलं मॉडेल) असेल तर प्रोग्राम कोसळण्यापर्यंत. स्वतःचं मॉडेल लिहिलं असेल आणि सगळा डेटा बदलायचा असेल तर बिगिनरीसेटमॉडेल आणि एंडरीसेटमॉडेल यांच्यामध्ये बदला, ते त्यासाठीच आहेत. हाच नियम टेबल.सिलेक्शनमॉडेल() ला. तो ब्लॉक केला तर निवडलेल्या ओळीची निळी पट्टी जुन्याच जागी राहते.

टेबल भरण्याआधी सेटसॉर्टिंगएनेबल्ड(फॉल्स) करा, भरून झाल्यावर परत ट्रू. सॉर्टिंग चालू असताना पहिल्या रकान्यात नाव टाकलं की ती ओळ लगेच आपल्या जागी उडी मारते, आणि तुम्ही त्याच ओळक्रमांकावर टाकलेला फोन नंबर दुसऱ्याच माणसापुढे जाऊन बसतो. सिग्नल अडवून हे थांबत नाही.

ब्लॉक लावूनही न थांबणाऱ्या गोष्टी

सेटएनेबल्ड(फॉल्स) आणि ब्लॉक यांत गल्लत होते. सेटएनेबल्डनं माणसाचा हात थांबतो, बॉक्स राखाडी होतो. कोडनं सेटव्हॅल्यू केलं तर त्या राखाडी बॉक्समधूनही सिग्नल सुटतोच. ब्लॉकचं बरोबर उलटं: माणूस खुशाल बदलू शकतो, फक्त कोणाला कळत नाही. मोठं काम चालू असताना माणसानं काही बदलू नये असं वाटत असेल तर सेटएनेबल्ड हवं. ब्लॉक लावून मध्ये प्रोसेसइव्हेंट्स (थांबलेली क्लिक वगैरे लगेच हाताळणारं फंक्शन) बोलावलं तर तेवढ्यात झालेलं क्लिक हवेत विरतं.

ग्रुपबॉक्स किंवा विंडो ब्लॉक केल्यानं तिच्या आतली विजेट ब्लॉक होत नाहीत. ज्याचं त्याला सांगावं लागतं.

माउस, कीबोर्ड, चाक यांचे इव्हेंट म्हणजे सिग्नल नव्हेत. व्हीलइव्हेंट, कीप्रेसइव्हेंट ब्लॉक लावला तरी येतात. लांब फॉर्म खाली सरकवताना स्पिनबॉक्सवर माउस असला की आकडा नकळत बदलतो, हा त्रास सिग्नल अडवून जात नाही. त्यासाठी आधी सेटफोकसपॉलिसीनं बॉक्सला स्ट्राँगफोकस द्यायचा, नाहीतर चाक फिरवताच त्याला फोकस मिळतो. मग इन्स्टॉलइव्हेंटफिल्टर लावायचा आणि इव्हेंटफिल्टर फंक्शनमध्ये चाकाचा इव्हेंट आला, बॉक्सवर फोकस नसला, की इव्हेंट.इग्नोर() करून ट्रू परत द्यायचं.

थ्रेड असतील तर आणखी एक गोष्ट. ब्लॉक सिग्नल सुटताना तपासला जातो, पोहोचताना नाही. वेगळ्या थ्रेडमधल्या ऑब्जेक्टला जोडलेला सिग्नल, किंवा मुद्दाम क्यूड कनेक्शननं जोडलेला, सुटल्यानंतर रांगेत थांबतो. तुम्ही ब्लॉक लावण्याआधी सुटलेला सिग्नल ब्लॉकच्या काळातही येऊन पोहोचू शकतो. फ्लॅगचं याच्या उलट होतं: भरताना सुटलेला सिग्नल फ्लॅग फॉल्स झाल्यावर पोहोचतो आणि हँडलर बिनदिक्कत चालतो. क्यूड कनेक्शन असेल तिथे फ्लॅगवर विसंबू नका.

डिस्कनेक्ट आणि पुन्हा कनेक्ट

हा उपाय चालतो, पण नव्या माणसाला सुचवावा असा नाही. परत कनेक्ट दोनदा झालं तर हँडलर प्रत्येक बदलाला दोनदा पळतो. रिकाम्या कंसाचं डिस्कनेक्ट() त्या सिग्नलच्या सगळ्या जोडण्या तोडतं, तुम्ही न केलेल्यासुद्धा. आणि लॅम्डा (तिथल्या तिथे लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) कनेक्ट केला असेल तर तो व्हेरिएबलमध्ये ठेवलेला नसताना एकटा वेगळा काढता येत नाही. तसाच दिसणारा दुसरा लॅम्डा हा वेगळा ऑब्जेक्ट असतो.

क्यूटीबाहेर

जीटीके हे क्यूटीसारखंच दुसरं टूलकिट वापरणाऱ्यांना हे काम अधिक नेमकं करता येतं. तिथे कनेक्ट केल्यावर एक क्रमांक मिळतो आणि हँडलर_ब्लॉकला तो देऊन एवढा एकच हँडलर अडवता येतो. मोजणी ठेवली जाते, जितके वेळा ब्लॉक तितके वेळा अनब्लॉक. विनफॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या टूलकिटमध्ये सर्वांना लागू असा ब्लॉक नाही. उणे-बरोबर आणि अधिक-बरोबर लावून हँडलर काढतात-घालतात किंवा फ्लॅग ठेवतात, पण कॉम्बोबॉक्सला सिलेक्शनचेंजकमिटेड हा फक्त माणसाच्या निवडीला सुटणारा इव्हेंट आहे, आधी तो बघा. ट्रीव्ह्यूच्या आफ्टरचेकमध्ये ई.ॲक्शन अननोन असेल तर टिक कोडनं केलेली आहे.

एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणाऱ्यांची गाठ वर्कशीट_चेंजशी पडते. त्यात सेलमध्ये काही लिहिलं की तोच इव्हेंट पुन्हा. इलाज ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = फॉल्स. मॅक्रो संपल्यावर स्क्रीनअपडेटिंग आपोआप ट्रू होतं, एनेबलइव्हेंट्स मात्र होत नाही. मध्ये एरर येऊन मॅक्रो थांबला तर एक्सेल बंद करून उघडेपर्यंत उघडलेल्या सगळ्या फाइलींचे इव्हेंट बंद. म्हणून ऑन एरर गोटू लावून शेवटच्या लेबलखाली ट्रू करा. अडकलात तर व्हीबीए एडिटरमध्ये कंट्रोल-जी दाबून इमीजिएट विंडोत ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = ट्रू लिहून एंटर मारा. यूझरफॉर्मवरच्या बटणांना आणि टेक्स्टबॉक्सना हा स्विच लागू नाही, तिथे फ्लॅगच ठेवावा लागतो.

मुका बॉक्स शोधायचा कसा

विजेट दिसतंय, क्लिक होतंय, पण काही घडत नाही, तेव्हा पहिली शंका अडकलेल्या ब्लॉकची घ्या. प्रत्येक विजेटला सेटऑब्जेक्टनेमनं नाव दिलेलं असू द्या आणि एका तात्पुरत्या शॉर्टकटला हे जोडा:

फॉर वस्तू इन विंडो.फाइंडचिल्ड्रन(क्यूऑब्जेक्ट):
    इफ वस्तू.सिग्नल्सब्लॉक्ड():
        प्रिंट(वस्तू.ऑब्जेक्टनेम())

प्रोग्राम निवांत असताना ही यादी रिकामी यायला हवी. एखादं नाव आलं तर त्याला ब्लॉक करणाऱ्या ओळी शोधा. त्यांपैकी एखादीला फायनली नसेल किंवा एखाद्या फांदीतून रिटर्न आधीच होत असेल. यादी रिकामी असूनही हँडलर येत नसेल तर प्रश्न ब्लॉकचा नाही, जोडणीचा आहे. हँडलरच्या पहिल्या ओळीत प्रिंट टाकून बघा.

आणि दोन बॉक्सचा प्रोग्राम झाला म्हणण्याआधी, गुंठ्यांची दशांश स्थळं दोन ठेवून, एवढे आकडे हातानं टाकून पाहा. फुटांत 10: फूट 10.00 च राहिले पाहिजेत, गुंठे 0.01. फुटांत 1000: फूट 1000.00, गुंठे 0.92. फुटांत 2,00,000: गुंठे 183.65. गुंठ्यांत 40, म्हणजे एक एकर: फूट 43,560.00, आणि खालची किंमत 43,560 गुणिले दर.